वयातले अंतर

नवरा-बायकोच्या वयांत अंतर किती असावे, याविषयी आपल्या समाजाने कायदा कधी केला नाही. पण कोणत्या अंतराला हसावे आणि कोणत्या अंतराला नाक मुरडावे, याचे नियम मात्र फार पूर्वीच ठरवून टाकले आहेत. नवरा पाच-सात वर्षांनी मोठा असला तर ते अंतर नव्हेच. ती रीत झाली. पंधरा वर्षांनी मोठा असला, तर 'घरदार चांगले आहे, मुलीला काही कमी पडणार नाही' अशी पुस्ती जोडून ते पचवता येते. पंचवीस वर्षांनी मोठा असला की तो विनोदाचा विषय होतो. आणि बायको नवऱ्याहून दोन वर्षांनी मोठी निघाली तर? तर लग्नपत्रिकेत वय छापायची पद्धत नाही, हे आपले भाग्य समजून दोन्हीकडची मंडळी गप्प राहतात. सचिन तेंडुलकरांच्या पत्नी त्यांच्याहून वयाने मोठ्या आहेत, हे सबंध महाराष्ट्राला ठाऊक आहे आणि त्याचे कोणाला काही वाटत नाही. पण शतकांचे शतक काढणाऱ्याला दिलेली ही सवलत आपण आपल्या धाकट्या चिरंजीवांना देऊच, अशी हमी कोण घेईल? २०१७ साली मॅक्रॉं नावाचे गृहस्थ फ्रान्सचे अध्यक्ष झाले, तेव्हा त्यांच्या राजकारणापेक्षा त्यांची पत्नी त्यांच्याहून चोवीस वर्षांनी मोठी आहे, याचीच चर्चा आमच्या पनवेलच्या कट्ट्यावर अधिक झाली. फ्रेंच माणसाचे काय सांगावे, असे म्हणून आम्ही ती संपवली.

हे सारे पुन्हा मनात यायला कारण झाले एका जुन्या अमेरिकन चित्रपटाचे. 'हॅरॉल्ड अँड मॉड' हे त्याचे नाव. १९७१ सालचा चित्रपट. दिग्दर्शक हॅल अॅशबी. कॉलिन हिगिन्स नावाच्या एका विद्यार्थ्याने चित्रपटकलेच्या अभ्यासक्रमासाठी लिहिलेल्या संहितेतून तो निघाला. त्यातला हॅरॉल्ड हा गर्भश्रीमंत घरातला, विशीतला मुलगा. त्याला दोन नाद. एक, आईला दचकवण्यासाठी खोट्याखोट्या आत्महत्या मांडून ठेवायच्या. आणि दुसरा, कधी न पाहिलेल्या माणसांच्या अंत्ययात्रांना जाऊन उभे राहायचे. अशाच एका अंत्ययात्रेत त्याला मॉड भेटते. वय एकोणऐंशी. तीही परक्यांच्या अंत्ययात्रांना जाते, पण तिचे कारण निराळे. तिला तिथली गर्दी आवडते, गाणी आवडतात, आणि परत जाताना कोणाची तरी मोटार न विचारता घेऊन जाणे आवडते. रेल्वेच्या एका जुन्या डब्यात ती राहते. शहराच्या फूटपाथवर धुराने गुदमरणारे एक झाड उपटून, ते ट्रकात घालून रानात नेऊन लावते. हॅरॉल्डला ती बँजो वाजवायला शिकवते, आणि हळूहळू हा मुलगा तिच्या प्रेमात पडतो. लाक्षणिक अर्थाने नव्हे. लग्न करायचे म्हणतो.

मग व्हायचे ते होते. लष्करातला मामा, मनाचा डॉक्टर आणि धर्मगुरू असे तीन शहाणे त्याला उपदेश करायला बसतात. प्रत्येकाच्या पाठीमागे भिंतीवर एकेक तसबीर आहे: मामाच्या मागे अध्यक्ष निक्सन, डॉक्टरांच्या मागे फ्रॉइड, आणि धर्मगुरूंच्या मागे पोप. आपल्याकडे हा चित्रपट निघाला असता, तर तसबिरी बदलल्या असत्या. उपदेशातला एक शब्दही बदलावा लागला नसता.

मॉडचे काम केले रूथ गॉर्डन यांनी. १८९६ सालचा त्यांचा जन्म, म्हणजे त्या वेळी त्याही पंचाहत्तरीच्या आसपास होत्या. हॅरॉल्ड झाला होता बड कोर्ट. चित्रपट सपशेल पडला. समीक्षकांनी त्याला झोडपले, प्रेक्षकांनी पाठ फिरवली. पण मिनेसोटा राज्यातल्या एडायना नावाच्या गावी, वेस्टगेट नावाच्या थिएटरात तो लागला आणि दोन वर्षांहून अधिक काळ हलेचना. शेवटी कंटाळलेले शेजारी फलक घेऊन थिएटरासमोर उभे राहिले, की बाबांनो, आता चित्रपट बदला! पुढे तो गावोगावच्या कॉलेजांतून पोरांनी डोक्यावर घेतला, आणि १९९७ साली अमेरिकेने जतन करण्याजोग्या चित्रपटांच्या राष्ट्रीय यादीत त्याला जागा दिली. एखाद्या गोष्टीला हसावे की रडावे हे ठरवायला लोकांना कधी कधी पंचवीस वर्षे लागतात, असा याचा अर्थ.

आता कोणी म्हणेल, ही थेरे अमेरिकेतली. आपल्याला काय त्यांचे? पण तसे नाही. म्हातारपण आणि तारुण्य यांना एका बोहल्यावर उभे करून प्रेक्षकांना हसवायचे आणि हसता हसता त्यांच्या घशात आवंढा आणायचा, हा प्रयोग आपण अमेरिकनांच्या बहात्तर वर्षे आधी केलेला आहे. गोविंद बल्लाळ देवलांचे 'संगीत शारदा' रंगभूमीवर आले १८९९ साली. त्यातले भुजंगनाथ पंचाहत्तरीचे. शारदा कोवळी पोर. मी 'शारदा' प्रथम पाहिले ते शाळेच्या गॅदरिंगमध्ये. आमच्यापेक्षा दोन वर्षांनी मोठा असलेला एक मुलगा कापसाच्या मिशा लावून भुजंगनाथ झाला होता, आणि त्याच्या मिशीची एक बाजू सुटली तेव्हा आम्ही बाकांवर पडून हसलो. माझ्या शेजारी बसलेली आमची आजी मात्र हसत नव्हती. तिच्या एका बहिणीचे लग्न असेच झाले होते, हे मला पुष्कळ वर्षांनी कळले.

'शारदे'चा आणि शारदा कायद्याचा संबंध आपण सगळे सहज जोडतो. वास्तविक १९२९ च्या त्या कायद्याला नाव मिळाले ते हरबिलास सारडा या अजमेरच्या गृहस्थांवरून; देवलांच्या शारदेवरून नव्हे. पण मराठी माणसाच्या मनात ही दोन नावे एकमेकांत मिसळून गेली, ती केवळ उच्चारामुळे असे मला वाटत नाही. कायद्याने मुलीचे वय चौदा ठरवले. पण चौदा वर्षांच्या मुलीला काय वाटते, हे मराठी घरांना नाटकाने तीस वर्षे आधीच सांगून ठेवले होते.

त्यानंतर १९३७ साली 'प्रभात'चा 'कुंकू' आला. ना. ह. आपट्यांच्या 'न पटणारी गोष्ट' या कादंबरीवरून शांतारामबापूंनी तो काढला. हिंदीत त्याचे नाव 'दुनिया न माने'. शांता आपट्यांची नीरा फसवून एका वयस्क विधुर वकिलाच्या गळ्यात बांधली जाते, आणि 'हे लग्न मी मानीत नाही' म्हणून त्याच घरात पाय रोवून उभी राहते. केशवराव दात्यांचे काकासाहेब केसांना कलप लावतात, आरशात पाहतात, आणि भिंतीवरचे ते घड्याळ त्यांना त्यांचे वय सांगत राहते. या चित्रपटाला पार्श्वसंगीत नाही. घरातले, रस्त्यावरचे खरे आवाज तेवढे ऐकू येतात, आणि त्यामुळे ते घड्याळ अधिकच मोठ्याने वाजते. 'कुंकू' पाहताना प्रथम काकासाहेबांचे हसू येते, मग राग येतो, आणि शेवटी त्यांची कणव येते. आपली चूक उमगल्यावर, नीरेने पुन्हा लग्न करावे अशी इच्छा मागे ठेवून, ते आपले आयुष्य संपवतात.

या तिन्ही कथा शेजारी शेजारी ठेवल्या की एक गोष्ट लक्षात येते. भुजंगनाथ काय किंवा काकासाहेब काय, दोघांच्याही लग्नात मधे पैसा आहे. शारदेचा बाप कांचनभट मुलीचे पैसे मोजून घेतो. नीरेचा मामा तेच करतो. तेव्हा आपण वयाला हसतो असे वाटले, तरी खरा राग असतो तो सौद्याचा. आणि तो राग रास्तच आहे. मॉडपाशी मात्र काहीच नाही. राहायला आगगाडीचा डबा, फिरायला दुसऱ्याची मोटार. तिच्याशी लग्न करून हॅरॉल्डला मिळण्यासारखे काही नाही, आणि हॅरॉल्डच्या पैशांकडे ती ढुंकून पाहत नाही. सौदा वजा केला की खाली उरते ते नुसते वयातले अंतर, आणि तरीही माणसे अस्वस्थ होतात. ती का होतात, हे मला कळले ते चित्रपटामुळे नव्हे, आमच्या आत्यामुळे.

आमची आत्या अठ्ठ्याहत्तर वर्षांची. पनवेलला वडाळे तळ्याजवळ जुना वाडा पाडून जी चार मजली इमारत झाली, तिच्यात दुसऱ्या मजल्यावर ती एकटी राहते. पनवेल म्हणजे एके काळी कोकणात किंवा घाटावर जाणाऱ्या एस.टी.च्या प्रवाशाने चहा प्यायचे गाव. १८५२ सालची नगरपालिका, पाच-सहा तळी, बल्लाळेश्वराचे देऊळ, आणि सगळ्यांना सगळ्यांची माहिती. आता इथे २०१६ पासून महानगरपालिका आहे, शेजारी २०२५ साली विमानतळ सुरू झाला, आणि खाडीपर्यंत उंच उंच इमारती उभ्या राहिल्या. पण सगळ्यांना सगळ्यांची माहिती असण्याचा जुना गुण जुन्या गावात अजून शाबूत आहे.

आत्याचे यजमान जाऊन अकरा वर्षे झाली. मुलगा, म्हणजे माझा आतेभाऊ, कॅनडात. आत्याच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरू लागला आणि तिला वर्तमानपत्र वाचता येईना, तेव्हा समोरच्या बिऱ्हाडातला तेवीस वर्षांचा मुलगा तिला रोज सकाळी पेपर वाचून दाखवू लागला. हा मुलगा स्पर्धा परीक्षेला दोनदा बसून दोनदा नापास झालेला. घरात कोणाशी बोलत नसे, खोलीचे दार लावून बसे. त्याच्या आईनेच त्याला आत्याकडे धाडले होते, की तेवढाच बाहेर पडेल.

पेपरवाचनाची सुरुवात आत्याच्या आवडीच्या सदरापासून होत असे, आणि ते सदर म्हणजे निधनवार्ता. "आधी कोण गेलं ते सांग, मग कोण निवडून आलं ते," असे ती म्हणायची. कोणाचे वय किती होते, मागे कोण कोण आहे, 'अल्पशा आजाराने' म्हणजे नक्की काय झाले असेल, यावर दोघांची रोज चर्चा चाले. एकदा मी गेलो होतो तेव्हा तो वाचत होता, 'वृद्धापकाळाने निधन, वय सदुसष्ट.' आत्या ताडकन म्हणाली, "सदुसष्टला वृद्धापकाळ? पेपरात पत्र लिही!" आणि तो मुलगा हसला. त्याला हसताना मी प्रथमच पाहिले.

तो तिला 'आजी' म्हणत असे. मराठीत हे फार सोयीचे आहे. आपल्याकडे नात्यांच्या शब्दांचा तोटा नाही. आतेभाऊ, मामेबहीण, साडू, जाऊ, विहीण, चुलतसासरे. शिवाय रिक्षावाल्याला दादा आणि भाजीवालीला मावशी. एकदा नात्याचा शब्द लावला की दोन परक्या माणसांमध्ये काय आहे, असे कोणी विचारत नाही. 'आजी' म्हटले की प्रश्न मिटला.

मग गेल्या वर्षी पावसाळ्यात एके दिवशी पहाटे आत्याच्या बालमैत्रिणीच्या सुनेचा फोन आला, की आई गेल्या. ही मैत्रीण आत्याबरोबर पहिलीपासून शाळेत. आत्याने त्या मुलाचे दार ठोठावले आणि म्हणाली, "मला स्मशानात ने." आमच्या घरातली एकही बाई तोवर स्मशानात गेली नव्हती. आता बायका जातात, हे मला ठाऊक आहे. पण आत्या तिच्या स्वतःच्या नवऱ्याच्या वेळीही गेली नव्हती. तिला दारातूनच परत फिरवले होते. त्या मुलाने काही विचारले नाही. आईची स्कूटर काढली, आत्याला मागे बसवले, आणि पावसात घेऊन गेला. मैत्रिणीला पाहून, हात जोडून दोघे बाहेर आले. परतताना आत्याला भूक लागली, तेव्हा दोघांनी एका हॉटेलात बसून मिसळ खाल्ली. स्मशानातून आल्यावर आंघोळ नाही, आणि वर मिसळ! ही बातमी आत्या घरी पोहोचण्याआधी इमारतीत पोहोचली होती.

मिसळ खाताना आत्या त्याला म्हणाली होती, "आता मला माझ्या नावाने हाक मारणारं कोणी राहिलं नाही रे." तिच्या लग्नात, त्या काळच्या रिवाजाप्रमाणे, तांदळाच्या ताटात अंगठीने तिचे नवे नाव लिहिले गेले. माहेरचे नाव माहेरीच राहिले. मग आजोबा गेले, आजी गेली, माझे वडील गेले; त्या नावाने बोलावणारी शेवटची राहिली होती ती ही मैत्रीण. आम्ही भाचरे तिला आत्या म्हणणार, सोसायटी काकू म्हणणार, बँकेत मॅडम म्हणणार. दुसऱ्या दिवशी सकाळी तो मुलगा नेहमीसारखा पेपर घेऊन दारात आला, आणि त्याने तिला तिच्या माहेरच्या नावाने हाक मारली. बाई नाही, ताई नाही, नुसते नाव.

बस, एवढेच झाले. आणि सबंध इमारत हादरली.

सेक्रेटरींनी मला रस्त्यात गाठून सांगितले, "आजी म्हणायचा तोपर्यंत आमचं काही म्हणणं नव्हतं." मुलाची आई येऊन गेली. तिचे दुःख खरे होते. "माझ्याशी दोन वर्षांत दोन वाक्यं बोलला नाही तो. त्यांच्याशी तासन्‌तास बोलतो," ती म्हणाली आणि रडली. आणि शेवटी कॅनडाहून आतेभावाचा फोन आला. "दादा, हे काय चाललंय? तू तिच्याशी जरा बोल." आईची काळजी त्याला होती, यात शंका नाही, पण बोलता बोलता त्याने जागेच्या कागदपत्रांचाही विषय काढला. म्हणजे फिरून आपण कांचनभटापाशीच आलो. जिथे सौदा नाही तिथेही तो असणारच, असे आपल्या मनाने धरून ठेवलेले असते.

मी आत्याकडे गेलो आणि ऐकलेले सगळे तिला सांगितले; आडपडदा ठेवला नाही. तिने शांतपणे ऐकून घेतले. मग म्हणाली, "मी त्याच्याशी लग्न करत नाहीये, एवढ्यावर तुमचं भागत नाही का? जागा मुलाच्या नावावर करून तीन वर्षं झाली. त्याला ते माहीत नसेल तर कागद वाचायला सांग." आणि जरा थांबून, "मला एक सांग. तो मला नावाने हाक मारतो तेव्हा कोणाचं काय कमी होतं?"

याला मजपाशी उत्तर नव्हते, आणि अजूनही नाही.

'हॅरॉल्ड अँड मॉड'ची गोष्ट त्या मुलाने तिला सांगितली होती. त्यावर तिने फर्मान काढले, की चित्रपट पाहायचा, आणि सगळ्यांनी मिळून पाहायचा. "तूही ये," ती मला म्हणाली, "म्हणजे सेक्रेटरींना अहवाल देता येईल." तिने मुलाच्या आईलाही बोलावले. एका रविवारी दुपारी आत्याच्या दिवाणखान्यात संगणक लावून आम्ही चौघे बसलो. चित्रपट इंग्रजी, तेव्हा तो मुलगा प्रत्येक वाक्य आत्याला मराठीत सांगत होता.

पहिल्याच दृश्यात हॅरॉल्ड गळफास लावून लोंबकळतो आणि त्याची आई त्याच्याकडे न पाहता फोनवर बोलत राहते. मी चोरून मुलाच्या आईकडे पाहिले. तिचा चेहरा पांढरा पडला होता. आत्या म्हणाली, "अगं, खोटं आहे ते. पण या बाईला वळून बघता येत नाही का?" पुढे ती आई मुलासाठी वधूसूचक कंपनीचा फॉर्म भरते आणि सगळी उत्तरे स्वतःच्या मनाने लिहिते. तिथे मुलाची आई एकाएकी हसू लागली. "मी पण भरलाय," ती म्हणाली, "याला न विचारता." त्या मुलाने चित्रपट थांबवला. दोघे एकमेकांकडे पाहत राहिले. मग तो म्हणाला, "त्यात छंद काय लिहिलेस?" "वाचन आणि ट्रेकिंग," ती म्हणाली. तो इतका हसला, की आत्याला संगणक धरावा लागला.

चित्रपटात एक दृश्य असे आहे, की मॉडच्या हातावर गोंदलेला एक आकडा क्षणभर दिसतो आणि जातो. पाहणाऱ्याचे लक्ष नसेल तर निसटतोच. त्याविषयी चित्रपटात कोणी एक शब्द बोलत नाही. मुलाने चित्रपट मागे नेऊन तो आकडा आत्याला दाखवला आणि सांगितले, की हिटलरच्या छळछावणीत कैद्यांच्या अंगावर असे आकडे गोंदत. "म्हणजे नाव काढून घेऊन नंबर दिला होय," आत्या म्हणाली, आणि मग बराच वेळ काही बोलली नाही. पुढे सकाळी हॅरॉल्ड मॉडच्या बिछान्यात बसून साबणाचे फुगे सोडतो, ते दृश्य आले. आमचा दुभाषी एकदम मुका झाला. "कळलं, कळलं," आत्या म्हणाली. "पुढे चल."

शेवट मात्र तिला मुळीच पटला नाही. ऐंशीव्या वाढदिवशी मॉड आपल्या हाताने आयुष्य संपवते. तसे तिने आधीच ठरवून ठेवलेले असते. हॅरॉल्ड आकांत करतो, तिला इस्पितळात नेतो, पण उपयोग होत नाही. मग तो आपली शववाहिका केलेली मोटार कड्यावरून लोटून देतो, आणि आपण मात्र वर उभा राहून बँजो वाजवत निघून जातो. आम्ही सगळे गप्प होतो. आत्या रागावली होती. "एवढं झाड उपटून रानात लावलं बाईनं," ती म्हणाली, "आणि स्वतःच्या बाबतीत ऐंशी म्हणजे काय पासाची मुदत संपली? त्या पोराला जगायला शिकवलं आणि त्याच्यासमोरच असं केलं? मला नाही हे शहाणपण वाटत." मग त्या मुलाकडे वळून म्हणाली, "मी असलं काही करणार नाही. पेपरात येईल तेव्हा येईल. तोवर तू वाचून दाखवायचं."

मला वाटते, 'कुंकू'चे काकासाहेब आणि मॉड यांच्याविषयी आत्याने एका वाक्यात निकाल दिला. कथा लिहिणाऱ्याला म्हातारे माणूस वाटेतून दूर करावे लागते. त्याखेरीज तरुणाची गोष्ट पुढे जात नाही. पूर्वेत काय आणि पश्चिमेत काय, वडीलधाऱ्याने वेळेवर नाहीसे होण्याला आपण मोठेपणा म्हणतो. आत्याला नाहीसे व्हायचे नव्हते. तिला मोतीबिंदू काढून घ्यायचा होता. तो तिने त्याच महिन्यात काढून घेतला.

प्रत्यक्षात सोडून जातो तो तरुण, आणि तेच बरोबर आहे. त्या मुलाला यंदा मे महिन्यात नाशिकला नोकरी लागली. परीक्षा पास होऊन नव्हे, एका छापखान्यात. पहाटे त्याची गाडी होती. आत्या स्टँडवर गेली होती, त्याची आईही होती. तिथे काय बोलणे झाले ते मला ठाऊक नाही. आत्याने एवढेच सांगितले, की गाडी वेळेवर सुटली.

आता तिला चष्म्याने पेपर वाचता येतो. तरीही मुलाची आई रोज सकाळी येते, आणि दोघी निधनवार्तांपासून सुरुवात करतात. संध्याकाळी दोघी वडाळे तळ्याभोवती चक्कर मारतात. ती आत्याला काकू म्हणते, आणि सोसायटीला त्यात काही वावगे दिसत नाही. सेक्रेटरींनी मला परवा अभिमानाने सांगितले, की सगळे कसे मार्गी लागले. आतेभाऊ या दिवाळीला येणार आहे. आत्याने चकल्यांची भाजणी करून ठेवली आहे, आणि जागेचे कागदही कपाटातून काढून ठेवले आहेत, त्याला वाचायला.

तिच्या माहेरच्या नावाने हाक मारावी, असे मला एक-दोनदा वाटले होते. पण ते मला शोभणार नाही. मी तिचा भाचा; माझ्या तोंडी 'आत्या' हेच तिचे नाव, आणि तेही तिला आवडते. दुसरे नाव आता आठवड्यातून एकदा, नाशिकहून येते. रविवारी सकाळी तिचा फोन लागत नाही, हे मला माहीत झाले आहे. मी सोमवारी करतो.